आकाराम मास्तरांचं चिनी

चिनी भाषेत एम. ए. झालेला माणूस अख्ख्या माण तालुक्यात एकच होता, आणि त्याचं काय करायचं हे तालुक्याला कधी उमगलं नाही. आकाराम नाथाजी सरतापे त्याचं नाव. अंगानं शिडशिडीत, उंचीनं बेताचा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाऐवजी त्याच्या हातांकडे बघायची सवय. लोक त्याला तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे चिनीमास्तर. पाठीमागचं त्याला ऐकू येई, पण तो कधी वळला नाही. वळून सांगणार काय? इंग्रजी शिकलेला साहेब होतो, कायदा शिकलेला वकील होतो; चिनी शिकलेला कोण होतो?

म्हसवडच्या अलीकडे माणगंगेच्या काठाला त्याची वस्ती. काठ म्हणायचा तो रीत म्हणून; नदीत वर्षाचे दहा महिने वाळूच. छप्पन साली वस्तीनं बुद्धाला शरण जाऊन घरातले जुने देव बाहेर काढले, तेव्हा ते सोडायला पाणी नव्हतं म्हणून वाळूत पुरावे लागले. आकाराम तेव्हा सहा वर्षांचा होता. बाप नाथाजी मुंबईच्या गोदीत हमाल, आई धोंडुबाई मिळेल त्या मजुरीला. वस्तीतले निम्मे बाप्ये मुंबईला, आणि मागं राहिलेल्यांत धड वाचता येणारं माणूस म्हणजे चौथीतला आकाराम. त्यामुळे पोस्टमन येऊन गेला की बायका त्याला हुडकत यायच्या.

कागद वाचायचीही एक रीत असते, आणि ती त्याला शाळेनं नाही, आईनं शिकवली. शेजारच्या चंद्राबाईच्या नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलं होतं. वस्तीला ते ठाऊक होतं, चंद्राबाईला नव्हतं. नवऱ्यानं एकदा ते कागदात सरळ लिहून टाकलं. आकारामनं वाचायला तोंड उघडलं आणि पाठीत आईचा रट्टा बसला.

"खुशाल हाय म्हणून लिवलंय नव्हं? मग तेवढंच वाच की रं," धोंडुबाई म्हणाली.

त्यानं तेवढंच वाचलं आणि चंद्राबाई हसत घरी गेली. दुसरी रीत मरणाच्या कागदाची. तो कागद उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. दाराबाहेर उभं राहून वाचायचा, आणि शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला की तिथंच टराटरा फाडून वाऱ्यावर सोडायचा. मरण कागदावर बसून घरात शिरतं आणि कोनाड्यात मुक्काम करतं, अशी वस्तीची समजूत. देव वाळूत गेले, पण ही समजूत काही गेली नाही. गोदीत लोखंडी पेटी अंगावर पडून नाथाजी गेला, तो कागदही आकारामनंच दारात वाचला आणि आपल्या हातानं फाडला. तेव्हा तो नववीत होता.

पुढे साताऱ्याच्या कॉलेजात तो कमवा आणि शिका योजनेतून शिकला. सकाळी बागेत कुदळ, दुपारी इतिहास. तिथल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी एकदा वर्गात सांगितलं, की बुद्धाच्या वचनांचे कितीतरी ग्रंथ आपल्या देशातून नाहीसे झाले, पण त्यांची भाषांतरं चीनमध्ये लोकांनी जपून ठेवली. बाकीची पोरं ते वहीत उतरवून मोकळी झाली. आकारामच्या मात्र ते जिवाला लागलं. आपलंच धन, आणि ते परक्याच्या भाषेत पडून आहे. आपल्या वस्तीतल्या एकालाही ते उघडून बघता येत नाही. दिल्लीच्या विद्यापीठात चिनी भाषा शिकवतात आणि शिष्यवृत्तीही मिळू शकते हे कळल्यावर तो आईला विचारायला गावी आला.

धोंडुबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "आपलं हितलं गेल्यालं तितं घावतं व्हय?"

"व्हय."

"मग जा, आन घिऊन ये."

एकाहत्तर साली तो दिल्लीला गेला. वर्गात नऊ जण. कुणाचा बाप मोठ्या सरकारी हुद्द्यावर, कुणाचा फौजेत कर्नल. बासष्टच्या लढाईची आठवण अजून ताजी होती, आणि वर्गातल्या बहुतेकांना ती शत्रूची भाषा म्हणून शिकायची होती. आकारामला एकट्यालाच त्या भाषेतून काहीतरी परत आणायचं होतं. अक्षरं हजारोंनी. प्रत्येक अक्षराचा एकच आवाज. वाचताना एक अक्षर विसरलं की तिथं खड्डा. सरावाला कागद परवडत नसे, म्हणून तो वसतिगृहाच्या गच्चीवर ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर लिहायचा. दिल्लीचं ऊन असं, की चौथं अक्षर काढेपर्यंत पहिलं वाळून गेलेलं असे.

बहात्तरच्या दुष्काळात इकडे धोंडुबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सरकारनं वाटलेली सुकडी आणि परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढत होती. वस्तीतल्या एका शाळकरी पोरीकडून तिनं लेकाला कागद धाडला: हितं समदं खुशाल हाय, तू अब्यास कर. आकारामनं तो वाचला आणि गच्चीवर जाऊन रडला. 'खुशाल' या शब्दामागं माणसं काय काय दडवतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एम. ए.ला भाषेबरोबर चिनी लोकांच्या चालीरीतींचाही एक पेपर होता. त्यात आकारामच्या एका उत्तराला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. जुन्या वळणाचे चिनी लोक अक्षर उमटलेल्या कागदाचा फार आदर करतात. तो तुडवत नाहीत, फाडत नाहीत, रद्दीतही घालत नाहीत. जुना झालेला कागद वेचून आणतात आणि वेगळा जाळतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही ते तर जास्तच जपतात. असं सगळं त्यानं तीन पानं भरून लिहिलं होतं. गुण मिळाले म्हणजे गोष्ट कळली, असं त्या वयात वाटतंच.

पंचाहत्तर साली पदवी घेऊन तो परतला, आणि त्याच्या चिनीला उतरती कळा लागली. ते जुने ग्रंथ वाचायचे तर अजून पाच-सहा वर्षं अभ्यास हवा होता. शिष्यवृत्ती संपली होती, आणि खडी फोडून धोंडुबाईचे खांदे कामातून गेले होते. दोन सरकारी मुलाखती झाल्या. त्यानंतर एक पोलीस सायकल मारत वस्तीत आला आणि विचारू लागला, या घरातल्या पोराचं चीनशी काय नातं?

"त्यो तितली अक्षरं शिकलाय, सायेब," धोंडुबाई म्हणाली. "मानूस अजून एक बी बघितल्यालं न्हाई."

नोकरीचं पत्र काही आलं नाही. शेवटी कडेगावच्या एका हायस्कुलात तो इतिहास आणि हिंदी शिकवायला लागला. आईला बरोबर आणलं. चहूबाजूंनी विहिरींच्या पाण्यावरचा ऊस बघून धोंडुबाई पहिले आठ दिवस ओट्यावर नुसती बसून राहिली. मग कामाला लागली. शाळेतली पोरं मास्तरांकडून आपापली नावं चिनी अक्षरांत लिहून घ्यायची आणि खिदळायची. तेवढाच काय तो विद्येचा उपयोग.

"आन ती चिनी इद्या? तिचं काय करायचं रं?" धोंडुबाई मधूनच विचारी.

त्यात टोमणा नव्हता. आपण फोडलेली खडी कुठल्या रस्त्यावर पडली, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ते विचारणं आकारामला लहानपणीच्या रट्ट्यापेक्षा जास्त लागे.

शहात्तरच्या उन्हाळ्यात धोंडुबाईची दाढ सुजली. कुणीतरी सांगितलं, सांगलीला एक चिनी डॉक्टर आहे, हात हलका आहे. पेठेमागच्या एका बोळात ती पाटी सापडली. पाटीवर गुलाबी हिरड्यांची कवळी रंगवलेली, आणि आत साठीच्या घरातला, बुटका, डोक्यावर पांढरे केस बारीक कापलेला माणूस. लिऊ हे त्याचं आडनाव. दातांचा धंदा त्याच्या गावाकडचा पिढीजात, आणि मराठी अस्सल सांगलीची, गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेली.

"आ करा, मावशी. आजून मोटा. आवं, दाढ तुमची हाय, घाबरायचं ते मीच का?"

धोंडुबाईला हसू आलं आणि तेवढ्यात दाढ बाहेर आली. आकाराम मात्र जागेवर खिळला होता. चार वर्षं जी भाषा घोकली, ती आईच्या पोटातून घेऊन आलेला माणूस तो पहिल्यांदा बघत होता. धीर करून त्यानं चिनीत विचारलं, आपलं मूळ गाव कोणतं?

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसराळ्यात पडला. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग आकारामकडे.

"काय म्हनला, मास्तर? आमाला मराठीच येतं," ते म्हणाले.

पण आकाराम जात राहिला. आधी आईच्या कवळीच्या निमित्तानं, मग स्वतःच्या एका धडधाकट दाताच्या निमित्तानं, आणि पुढे पुढे निमित्तावाचून. दर दुसऱ्या रविवारी कडेगावहून एस. टी. पकडायची आणि दुपारी लिऊकाकांच्या दुकानात बसायचं. हळूहळू डॉक्टर बोलू लागले. तरुणपणी ते चीनमधून कलकत्त्याला आले आणि तिथून आसामात. तिथं दुकान टाकलं, बायको आली, मुलगा झाला. बासष्ट साली लढाई पेटली आणि चिनी वंशाच्या माणसांना पोलिसांनी उचललं. लिऊ तुरुंगात गेले. बायको आणि नऊ वर्षांचा आनपिंग राजस्थानातल्या छावणीत. पुढच्या साली चीनहून जहाजं आली, ज्यांना जायचं त्यांना घेऊन गेली. त्यांत मायलेकरं गेली. लिऊ दोन वर्षांनी सुटले तेव्हा दुकान उरलं नव्हतं. मिरजेत त्यांच्या गावचा एक दातांचा कारागीर होता, त्यानं बोलावलं म्हणून ते या मुलखात आले, आणि वेळच्या वेळी पोलिसांकडे हजेरी लावत सांगलीत राहिले. पण ते तिघं वेगळे कसे पडले, बायको त्यांना सोडून जहाजावर चढली कशी, हे ते सांगत नसत. तिथवर आलं की हात धुवायला उठत.

लिऊ डॉक्टरांना वाचता येत नव्हतं. मराठी नाहीच, चिनीसुद्धा नाही. पण बोळात छापलेला कागद पडलेला दिसला, मग ती सिनेमाची जाहिरात का असेना, की ते उचलायचे, धूळ झटकायचे आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात नीट ठेवायचे. डबा भरला की कृष्णेच्या काठी जाऊन ते कागद जाळत आणि राख पाण्यात सोडत. ते बघून आकारामला कोण आनंद झाला! आपलं परीक्षेतलं उत्तर सदरा घालून समोर हिंडतंय, असं त्याला वाटलं.

बायको आणि मुलगा जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना तेरा-चौदा वर्षांत कळलं नव्हतं. पत्र लिहायला दुसऱ्याचा हात हवा, आणि हात मिळाला तरी जीभ धजत नव्हती. चीनला पत्र टाकलं तर इथला पोलीस आपल्याला विचारणार. आणि परदेशातून पत्र आलं म्हणून तिथला पोलीस त्यांना विचारणार. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका रविवारी मात्र त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि पहिल्यांदा आपल्या बोलीत, चिनीत, आकारामला म्हणाले, "लिही."

काय लिहू, म्हणून आकारामनं विचारलं, तर डॉक्टर पुन्हा मराठीवर आले. "ती हाय का. पोरगं हाय का. एवढंच इचारा, मास्तर. बाकी काय नगं."

आकारामनं तीन वेळा कच्चं लिहिलं, मग पक्कं. घरी नेऊन आईला दाखवलं. धोंडुबाईनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"कुनाचं काम हुनार हाय ह्येनं?"

"एका मानसाचं."

"मग बास," ती म्हणाली आणि पुन्हा कधी तिनं चिनी विद्येबद्दल विचारलं नाही.

पत्र कलकत्त्याच्या एका ओळखीच्या घरी गेलं, तिथून हाँगकाँगला आणि तिथून पुढं लिऊंच्या मूळ गावी. उत्तर यायला नऊ महिने लागले. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात एका रविवारी आकाराम दुकानात शिरला, तर आप्पासो नावाचं एक गिऱ्हाईक गाल धरून खुर्चीत बसलेलं, आणि डॉक्टर त्याला हाताला धरून उठवत होते.

"उद्या या."

"आवं, ठनका लागलाय की!"

"उद्या लागू दे," डॉक्टर म्हणाले आणि आप्पासो बाहेर गेल्यावर त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. चार दिवस ते न फोडता ठेवलं होतं. आत एकच पातळ कागद, निळ्या शाईत लिहिलेल्या चौदा ओळी. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांवर धरून आकारामला दिला.

"पोराचं अक्षर हाय का?"

"हो, काका. खाली आनपिंग म्हणून सही आहे."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि परत उघडले. आकारामनं वाचण्याआधी नेहमीसारखी वरून खाली नजर टाकली. तिसऱ्या ओळीवर नजर गेली आणि त्याचे पाय आपोआप उठले. कागद घेऊन तो उंबरा ओलांडून दाराबाहेर पायरीवर गेला.

"भाईर कशाला?" म्हणत डॉक्टर त्याच्या मागं आले आणि शेजारी उभे राहिले.

आकाराम प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत चिनीत वाचत गेला, आणि जिथं डॉक्टरांच्या बोलीला ते शब्द परके वाटत तिथं मराठीत सांगत गेला. पत्र असं होतं: बाबा, तुमचं पत्र पोचलं. आई एकोणसत्तरच्या हिवाळ्यात गेली. छातीचा आजार होता. शेवटपर्यंत ती म्हणत होती, तुम्ही पुढच्या जहाजानं येणार आहात. मी शेतीची यंत्रं दुरुस्त करायच्या कारखान्यात काम करतो. माझी तब्येत चांगली आहे. तुमच्या वयाला थंडी सोसणार नाही, गुडघे जपा. इथवर वाचून झालं आणि त्याची नजर पुढच्या दोन ओळींवर गेली. बोट क्षणभर थांबलं, मग त्या दोन ओळींवरून उडालं आणि सहीवर येऊन टेकलं.

"तुमचा मुलगा, आनपिंग," त्यानं वाचलं.

आणि शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यानं कागद फाडला. एकदा, दोनदा, तीनदा. हात मोकळे सोडले. तुकडे बोळातल्या वाऱ्यावर गेले.

लिऊ डॉक्टरांच्या घशातून आवाज आला. रडणं नव्हे, ओरडणंही नव्हे. भूल न देता दाढ उपटल्यावर माणूस करतो तसा. ते पायरीवरून उतरले आणि बोळात गुडघ्यांवर बसून तुकडे वेचू लागले. आकारामला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. पोराचं अक्षर. पंधरा वर्षांत आलेली एकमेव वस्तू. ज्या माणसाला सिनेमाची जाहिरात पायाखाली गेलेली बघवत नव्हती, त्याच्या डोळ्यांदेखत. तीन पानं भरून लिहिलेलं ते उत्तर कुठं होतं या वेळी? हातांना ते माहीतच नव्हतं. हातांना माणगंगेकाठची वस्ती माहीत होती.

तोही खाली बसला. आठ तुकडे मिळाले. एक गटाराच्या कडेला ओला झाला होता. डॉक्टरांनी तो कापसानं टिपला. आत जाऊन त्यांनी कवळ्या जुळवायची काच टेबलावर मांडली, स्टोव्हवर कणकेची खळ शिजवली, आणि ज्या चिमट्यानं ते दात उचलत त्यानं एकेक तुकडा उचलून काचेवर ठेवू लागले. वाचता येत नव्हतं, पण कुठली रेघ कुठं तुटली आहे हे त्यांच्या नजरेला बरोबर दिसत होतं. आकारामनं मदतीला हात पुढं केला.

"हात लावू नका, मास्तर."

आकाराम मागं सरला. त्याला शरमेनं बसवेना आणि निघूनही जाववेना. "आमच्यात मरणाचा कागद घरात ठेवत नाहीत, काका," तो कसाबसा म्हणाला. "वाचून झाला की फाडायचा. लहानपणापासून... हात आपोआप गेला. मला माफ करा."

शेवटचा तुकडा बसवून डॉक्टरांनी खळीचं बोट पुसलं.

"आमच्यात मानूस गेलं की त्याचं नाव लिवल्यालंच घरात ठेवत्यात," ते म्हणाले. "दुसरं काय ऱ्हातं, मास्तर?"

मग त्यांनी आकारामला जवळ बोलावलं आणि जुळवलेल्या कागदाच्या खालच्या भागावर बोट टेकवलं.

"हितनं तुमचं बोट हितं आलं. मला वाचता येत न्हाई, पर मोजता येतंय. एक अक्षर, एक आवाज. आवाज कमी पडले. ह्या दोन ओळी ऱ्हायल्या."

इतकी वर्षं आकारामनं वस्तीतल्या बायकांना कागद वाचून दाखवले, ओळीच्या ओळी गाळल्या, आणि एकीनंही त्याला कधी पकडलं नव्हतं.

"काका, राहू द्या त्या."

"पंधरा वर्सं ऱ्हाऊच दिलं की. वाचा."

आकारामनं वाचलं. बोट अक्षराखाली ठेवून, एकेक आवाज वेगळा काढत. यापुढे मला पत्र पाठवू नका. परदेशात माझं कोणी नाही, वडील वारले, असं मी कचेरीत लिहून दिलं आहे. वाचून झालं आणि त्यानं मान खाली घातली. बापाला असं काही ऐकवायची पाळी आपल्यावर यावी, याचं त्याला अतोनात दुःख झालं.

लिऊ डॉक्टर जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत आकारामनं त्यांना त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"लिवून दिलंय म्हनतो?"

"हो, काका."

"मी पन दिलंतं," डॉक्टर म्हणाले. "मला धरलं तवा सायबानं इचारलं, घरात कोन कोन हाय? मी म्हनलो, कोन न्हाई. बायको न्हाई, पोरगं न्हाई. एकटा हाय. कागदावर अंगठा दिला. म्हनलं, त्यांना तरी सोडत्याल. दुसऱ्या दिवशी त्यास्नी बी नेलं. पर कागदावर मी एकटा तो एकटाच ऱ्हायलो. जहाज आलं, याद्या केल्या, तवा माझ्या नावाफुडं कोनच न्हवतं. मी सांगिटलं, ती माझी हायत. सायेब म्हनला, तूच तर न्हाई म्हनलास. आनि तिला कुनीतरी सांगिटलं, तुजा मालक म्होरल्या जहाजानं येतोय. म्होरलं जहाज कवा आलंच न्हाई."

आकारामच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. डॉक्टरांच्या डोळ्यांतूनही येत होतं. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता, आणि तो का, हे आकारामला आधी उमगेना.

"एकट्या मानसाला इचारलं तर त्यो खरं सांगतो, मास्तर. त्याला कसलं भ्या? आई तर गेली. आता ह्यो कुनासाटी भितोय?" ते खुर्चीतून उठले आणि काचेवरच्या त्या दोन ओळींना त्यांनी हळूच बोट लावलं. "ज्याच्या घरात कुनीतरी असतं त्योच असं लिवून देतो. माझ्या पोराचं लगीन झालंय. पोरं बी असत्याल."

सगळ्या पत्रात जिवंत घराची बातमी होती ती तेवढ्या दोन ओळींत, आणि दया म्हणून आकारामनं नेमक्या त्याच गाळल्या होत्या.

"आता पैल्यापासनं वाचा," लिऊ डॉक्टर म्हणाले. "समदं."

आकारामनं डोळे पुसले आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. तो एकेक अक्षर वाचत गेला आणि शेजारी उभे राहून लिऊ डॉक्टर बोटांवर मोजत राहिले.